अनेक निकषांवर पर्यायांची क्रमवारी कशी लावावी : काजू प्रक्रिया केंद्राच्या जागेचे उदाहरण आणि ‘आर’मधील कृती

सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या बचतगटाने काजू प्रक्रिया केंद्र काढायचे ठरवले की पहिला वाद जागेवरून होतो. घाटाच्या पायथ्याला बी मुबलक आणि पाणीही बारमाही असते, पण तिथून महामार्ग लांब पडतो आणि पावसाळ्यात वीज वारंवार जाते. महामार्गालगत वाहतूक सोपी असते, पण जमिनीचा भाव परवडत नाही. सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या कातळमाळावरची, जमीन स्वस्त मिळते, परंतु जांभ्यातून पाणी झिरपून जात असल्यामुळे मार्चनंतर विहिरीचा भरवसा राहत नाही. अशा वेळी प्रत्येक जण आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या एकाच गोष्टीवर बोट ठेवून बोलतो आणि बैठक पुढच्या महिन्यावर जाते. बहुनिकष निर्णय-विश्लेषण हे अशा प्रश्नांसाठीचे शास्त्र आहे. ते निर्णय आपल्या वतीने घेत नाही. कोणत्या निकषाला किती महत्त्व दिले तर कोणता पर्याय वर येतो, हे ते उघड्यावर मांडून दाखवते.

या लेखात ‘आर’ या मुक्त संख्याशास्त्रीय प्रणालीत हे विश्लेषण कसे करायचे ते एका उदाहरणावरून पाहू. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी सुरू केलेली ही प्रणाली कोणत्याही साध्या संगणकावर चालते आणि तिला परवान्याचा खर्च नाही. उदाहरणातील आकडे केवळ समजावण्यासाठी घेतलेले आहेत, ते कोणत्याही प्रत्यक्ष जागेचे नाहीत.

आधी चाळणी, मग क्रमवारी

गणिताकडे वळण्यापूर्वी अटी आणि निकष वेगळे करावे लागतात. जी गोष्ट नसेल तर केंद्र उभेच राहू शकत नाही, ती अट होय. सातबाऱ्यावरील नावांचा वाद मिटलेला असणे, जमीन अकृषिक होऊ शकणे, खाडीकाठच्या जागेच्या बाबतीत ती सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या मर्यादेबाहेर असणे, या अटी आहेत. त्यांना गुण देऊन बेरजेत मिसळणे चुकीचे आहे, कारण तसे केल्यास कायद्याने बांधकामच होऊ न शकणारी जागा स्वस्ताईच्या बळावर पहिली येऊ शकते. अटी पूर्ण न करणारे पर्याय आधीच बाजूला काढावेत आणि उरलेल्यांचीच क्रमवारी लावावी.

निकष ठरवताना दुसरी खबरदारी दुबार मोजणीची. ‘महामार्गापासूनचे अंतर’ आणि ‘दर पोत्यामागे वाहतूक खर्च’ हे दोन्ही निकष यादीत असतील तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते आणि तिचे वजन नकळत दुप्पट होते. दोन निकष नेहमी एकत्रच वरखाली होत असतील, तर त्यांतला एक काढून टाकावा.

आपल्या उदाहरणात चाळणीतून उरलेल्या चार जागा आणि पाच निकष आहेत. खर्च म्हणजे जमीन आणि शेड मिळून लाख रुपये, अंतर म्हणजे महामार्गापर्यंतचे किलोमीटर, बी म्हणजे भोवतालच्या गावांतून एका हंगामात मिळू शकणारी काजू बी टनांत, पाणी म्हणजे एप्रिल-मेमध्ये दररोज मिळणारे हजार लिटर, आणि वीजखंड म्हणजे पावसाळ्यातील एका महिन्यात वीज नसलेले तास.

| जागा | खर्च | अंतर | बी | पाणी | वीजखंड |
|---|---|---|---|---|---|
| घाटपायथा | १२ | १८ | ९० | ८ | ४० |
| सडा | ९ | १० | ७० | ३ | ३० |
| महामार्ग | २० | १ | ५० | ६ | १२ |
| खाडीकाठ | १४ | ७ | ४० | ५ | २४ |

काजूचा धंदा माहीत असलेल्यांना हे निकष का घेतले ते सांगायला नको. बीची खरेदी उन्हाळ्यात उरकते, पण वाफवणे, कटिंग, सुकवणे आणि सोलणे ही कामे साठवलेल्या बीवर वर्षभर चालतात. वाफवण्याच्या बॉयलरला पाणी लागते. भर पावसात गर सुकवायला ड्रायर लागतो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते.

तक्ता तयार झाल्यावर प्रथम डोळ्यांनीच पाहावे की एखादी जागा दुसऱ्या जागेपेक्षा प्रत्येक निकषावर कमी पडते का. तशी असेल तर तिला कोणतेही भार, म्हणजे निकषांना दिलेले महत्त्वाचे आकडे, वाचवू शकत नाहीत आणि ती यादीतून काढता येते. इथे तशी एकही नाही. खाडीकाठ सामान्य वाटतो, पण महामार्गापेक्षा तो स्वस्त आहे आणि सड्यापेक्षा तिथे पाणी जास्त आहे. म्हणून चारही जागा स्पर्धेत राहतात.

तक्ता ‘आर’मध्ये आणताना

तक्ता एक्सेलमध्ये भरून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारात जतन करावा, म्हणजे जागांची देवनागरी नावे बिघडत नाहीत. ‘आर’ची ४.२ किंवा त्यानंतरची आवृत्ती वापरावी. विंडोजवर यूटीएफ-८ ची मूळ सोय त्या आवृत्तीपासून आली आहे. फाइल वाचण्यासाठी ‘रीड-सीएसव्ही’ ही आज्ञा वापरतात आणि पहिला स्तंभ रांगांची नावे म्हणून घ्यायला सांगतात. त्यानंतर ‘ॲज-मेट्रिक्स’ने त्या तक्त्याची संख्यासारणी करून घ्यावी.

मराठीत काम करणाऱ्याने इथे एक गोष्ट विसरू नये. या लेखात आकडे देवनागरीत छापले असले तरी फाइलमध्ये ते इंग्रजी अंकांतच हवेत. देवनागरी अंक ‘आर’ला आकडे वाटत नाहीत, तो संपूर्ण स्तंभ मजकूर म्हणून वाचतो. ‘१,२०,०००’ असा स्वल्पविरामासह लिहिलेला आकडा इंग्रजी अंकांत असला तरी त्याचीही तीच गत होते. म्हणून वाचन झाल्याबरोबर ‘एसटीआर’ ही आज्ञा चालवून प्रत्येक स्तंभ संख्या म्हणूनच आला आहे याची खात्री करावी.

यानंतर निकषांची दिशा सांगणारी यादी करावी. बी आणि पाणी जितके जास्त तितके चांगले, म्हणून ते लाभ-निकष. खर्च, अंतर आणि वीजखंड जितके कमी तितके चांगले, म्हणून ते खर्च-निकष. ही यादी स्तंभांच्या क्रमानेच लिहायची असते. क्रम चुकला तरी प्रणाली तक्रार करत नाही आणि उत्तर मात्र उलटे येते.

भार विचारण्याची योग्य रीत

संपूर्ण विश्लेषणात सर्वांत नाजूक काम भार ठरवण्याचे आहे आणि ते संगणकावर होत नाही, ते बैठकीत होते. ‘बी किती महत्त्वाची आणि वीज किती महत्त्वाची, शंभरपैकी गुण द्या’ असे विचारले तर लोक भराभर उत्तरे देतात, पण त्या उत्तरांना नेमका अर्थ नसतो. बी महत्त्वाची म्हणजे किती बी? चारही जागांना ८५ ते ९० टन मिळत असते, तर बी हा निकष कितीही मोठा वाटला तरी या निवडीत त्याचे काम जवळजवळ काहीच नसते. निकषाचे महत्त्व पर्यायांमधल्या फरकाशी बांधलेले असते.

म्हणून प्रश्न असा विचारावा : ‘समजा, आपल्याला एक अशी जागा मिळाली की तिचा खर्च २० लाख, अंतर १८ किलोमीटर, बी ४० टन, पाणी ३ हजार लिटर आणि वीजखंड ४० तास. म्हणजे सगळ्याच बाबतींत वाईट. आता यांतली एकच गोष्ट सर्वांत चांगल्या टोकाला नेता येईल. तुम्ही कोणती न्याल?’ गटाने ‘बी ४० वरून ९० टनांवर’ असे उत्तर दिले तर त्या बदलाला १०० गुण द्यावेत. मग विचारावे की खर्च २० वरून ९ लाखांवर येणे हे त्याच्या तुलनेत किती मोलाचे. अशा रीतीने प्रत्येक बदलाला गुण मिळतात. इंग्रजीत या पद्धतीला ‘स्विंग’ म्हणतात.

आपल्या उदाहरणात बीला १००, खर्च, पाणी आणि वीजखंड यांना प्रत्येकी ८० आणि अंतराला ६० गुण मिळाले असे धरू. एकूण ४०० होतात. प्रत्येकाला ४०० ने भागले की भार मिळतात : बी ०.२५, खर्च ०.२०, पाणी ०.२०, वीजखंड ०.२०, अंतर ०.१५. सदस्यांनी गुण आधी आपापल्या कागदावर लिहावेत आणि मग चर्चा करावी. आधी चर्चा झाली की अध्यक्षांचे गुण सर्वांचे होतात.

जोडीजोडीने तुलना करण्याची टॉमस साटी यांची विश्लेषक श्रेणी पद्धत, म्हणजे ‘एएचपी’, आपल्याकडे विद्यापीठांतील प्रबंधांत बरीच दिसते. तिच्यात दोन-दोन निकष घेऊन १ ते ९ या मोजपट्टीवर एक दुसऱ्यापेक्षा किती पट महत्त्वाचा ते विचारतात. पाच निकषांना दहा जोड्या होतात. उत्तरांमधली विसंगती मोजता येते, हा तिचा खरा गुण आहे. समजा, कोणी सांगितले की बी विजेच्या २ पट आणि वीज अंतराच्या ३ पट महत्त्वाची आहे. मग बी अंतराच्या ६ पट असायला हवी. त्याने ४ पट म्हटले तर सुसंगती गुणोत्तर, म्हणजे विसंगतीचे माप, सुमारे ०.०२ येते आणि ते चालते. त्याने २ पटच म्हटले तर गुणोत्तर सुमारे ०.१२ येते, साटी यांनी घातलेली ०.१० ची मर्यादा ओलांडली जाते आणि प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. मात्र ‘किती पट महत्त्वाचे’ या प्रश्नात फरकाचा पल्ला सहसा सांगितलेला नसतो, म्हणून ही पद्धत वापरली तरी जोडीच्या प्रत्येक प्रश्नात दोन्ही टोके मोठ्याने वाचून दाखवावीत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आकड्यांच्या विखुरणीवरूनच भार काढणाऱ्या एंट्रॉपी पद्धतीही आहेत. त्या वस्तुनिष्ठ वाटतात, पण त्यांत लोकांच्या गरजेला स्थान नसते. आपल्या तक्त्यात अंतराचे आकडे १ ते १८ असे सर्वाधिक विखुरलेले आहेत, म्हणून अशी पद्धत अंतरालाच सर्वांत मोठा भार देईल, जरी गटाने त्याला सर्वांत कमी दिलेला असला तरी. सार्वजनिक किंवा सामूहिक निर्णयासाठी ती मी वापरणार नाही.

सगळे निकष एका मापात आणणे

लाख रुपये आणि टन यांची बेरीज होत नाही. म्हणून प्रत्येक स्तंभ समान मोजपट्टीवर आणावा लागतो आणि इथेच बहुतेकांचे लक्ष नसते. दोन प्रचलित रीती आहेत. पहिली टोकांची रीत : स्तंभातील सर्वांत वाईट मूल्याला ०, सर्वांत चांगल्याला १ आणि मधल्यांना त्या प्रमाणात. सड्याचे अंतर १० किलोमीटर आहे, तेव्हा १८ मधून १० वजा करून १७ ने भागले की ०.४७ मिळतात. दुसरी सदिश रीत : स्तंभातील सर्व आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून तिच्या वर्गमुळाने प्रत्येक आकड्याला भागणे. अंतराच्या स्तंभात ती बेरीज ४७४ आणि वर्गमूळ २१.७७ येते, म्हणून घाटपायथ्याला ०.८३ आणि महामार्गाला ०.०५ मिळतात.

‘आर’मध्ये पहिल्या रीतीसाठी एक छोटे फलन लिहून ते ‘अप्लाय’ने स्तंभनिहाय चालवावे. खर्च-निकषांच्या बाबतीत आलेले उत्तर १ मधून वजा करायचे असते.

त्यानंतरची पायरी भारांनी गुणण्याची आहे आणि इथला एक सापळा मुद्दाम दाखवून ठेवतो. चार रांगा आणि पाच स्तंभांची सारणी तारांकन चिन्हाने थेट पाच भारांच्या यादीशी गुणली तर ‘आर’ ते भार स्तंभांना लावत नाही. तो सारणी वरून खाली, एकेक स्तंभ करत वाचतो आणि भार त्याच क्रमाने फिरवत जातो. पहिला भार घाटपायथ्याच्या खर्चाला, दुसरा सड्याच्या खर्चाला, तिसरा महामार्गाच्या खर्चाला. वीस खाने आणि पाच भार, भागाकार निःशेष जातो, म्हणून इशाराही येत नाही. उत्तर दिसायला अगदी व्यवस्थित असते आणि पूर्ण चुकलेले असते. हे टाळण्यासाठी ‘स्वीप’ ही आज्ञा दिशा २ देऊन वापरावी, म्हणजे प्रत्येक भार आपापल्या स्तंभालाच लागतो. पडताळा सोपा आहे : टोकांच्या रीतीने आणलेल्या सारणीत गुणाकारानंतर प्रत्येक स्तंभातील सर्वांत मोठा आकडा त्या निकषाच्या भाराएवढाच असला पाहिजे.

आता ‘रो-सम्स’ने रांगांची बेरीज घ्यावी, हीच भारित बेरीज. घाटपायथा ०.५९५, महामार्ग ०.५२०, सडा ०.४९२ आणि खाडीकाठ ०.४००. क्रमांक लावताना ‘रँक’ ही आज्ञा सर्वांत लहान आकड्याला पहिला क्रमांक देते, म्हणून गुणांपुढे वजाचिन्ह लावून ती चालवावी.

टॉप्सिस, आणि पहिला क्रमांक का बदलतो

हीच आकडेवारी हवांग आणि यून यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या टॉप्सिस पद्धतीतून काढून पाहू. प्रत्येक निकषाचे सर्वोत्तम मूल्य एकत्र करून एक आदर्श जागा कल्पायची, सर्वांत वाईट मूल्ये घेऊन एक प्रतिकूल जागा कल्पायची, आणि प्रत्येक खऱ्या जागेचे या दोहोंपासूनचे अंतर मोजायचे, ही तिची कल्पना. प्रतिकूल जागेपासूनच्या अंतराला दोन्ही अंतरांच्या बेरजेने भागले की ० ते १ मधला निकटता गुण मिळतो. हे करताना सदिश रीत वापरण्याचा प्रघात आहे. ‘टॉप्सिस’ नावाच्या तयार संचात सारणी, भार आणि अधिक-उणे चिन्हांची यादी दिली की उत्तर एका ओळीत मिळते. पण पहिल्यांदा तरी पायऱ्या स्वतः लिहून पाहाव्यात.

उत्तर असे येते : महामार्ग ०.५८९, घाटपायथा ०.४७६, सडा ०.४७२, खाडीकाठ ०.४५९. आकडे तेच, भार तेच, आणि पहिला क्रमांक बदलला.

अशा वेळी ‘पद्धत बदलली की उत्तर बदलतेच’ असे म्हणून पुढे जाणे बरोबर नाही, कारण शोधायला हवे. टॉप्सिसच पुन्हा चालवावी, पण सदिश रीतीऐवजी टोकांच्या रीतीने मापे एकसारखी करून. मग घाटपायथा ०.५७९ घेऊन पहिला येतो, सडा ०.५०० घेऊन दुसरा आणि महामार्ग ०.४८९ घेऊन तिसरा. म्हणजे पहिला क्रमांक बदलणारी गोष्ट टॉप्सिस नव्हती, माप एकसारखे करण्याची रीत होती.

सदिश रीतीत प्रत्येक स्तंभाचा पल्ला वेगवेगळा राहतो. भागाकारानंतर अंतराच्या स्तंभात सर्वांत चांगल्या आणि वाईट मूल्यांमध्ये ०.७८ चा फरक उरतो, बीच्या स्तंभात फक्त ०.३८ चा. आता भाराने गुणा : अंतर ०.१५ गुणिले ०.७८ म्हणजे ०.११७, आणि बी ०.२५ गुणिले ०.३८ म्हणजे ०.०९६. पाचही निकषांचे असे गुणाकार काढून त्यांचे प्रमाण पाहिले तर अंतराला प्रत्यक्षात सुमारे ०.२५ आणि बीला सुमारे ०.२० भार पडलेला दिसतो. गटाने बैठकीत जे सांगितले होते त्याच्या नेमके उलट काम गणिताने केले, आणि तेही कोणाला न कळवता.

म्हणून भार आणि माप एकसारखे करण्याची रीत ही एकाच निर्णयाची दोन अंगे आहेत, त्यांची निवड वेगवेगळी करता येत नाही. भार जर वाईट टोकाकडून चांगल्या टोकापर्यंतच्या बदलावर विचारून घेतले असतील, तर टोकांची रीतच वापरावी लागते, कारण त्या भारांना अर्थ त्याच मोजपट्टीवर आहे. तसे घेतले नसतील, तर कोणती रीत योग्य हे सांगायला आधारच उरत नाही. प्रबंधांत आणि अहवालांत टॉप्सिसचे उत्तर देताना भार कसे विचारले याबद्दल एक ओळही नसते, तेव्हा त्या क्रमवारीवर विश्वास ठेवणे कठीण जाते.

इतर पद्धतींबद्दल थोडेच सांगतो. बर्नार रॉय यांची १९६० च्या दशकातील ‘इलेक्त्र’ आणि ब्रान्स यांनी १९८२ मध्ये मांडलेली ‘प्रोमेथी’ या पद्धती जागांची दोन-दोनच्या जोडीने तुलना करतात आणि एका निकषावरील फार मोठी उणीव दुसऱ्यावरील बढतीने पूर्ण भरू देत नाहीत. जिथे भरपाई मान्यच नाही, उदाहरणार्थ वस्तीजवळ काजूच्या टरफलांचा धूर, तिथे त्या उपयोगी पडतात. जागेच्या साध्या निवडीसाठी भारित बेरीज पुरते आणि तिचे उत्तर बैठकीत फळ्यावर समजावता येते, हा तिचा मोठा फायदा आहे.

सरळ रेषेला अपवाद

टोकांच्या रीतीत पाणी ३ वरून ५ हजार लिटरवर गेले काय आणि ६ वरून ८ वर गेले काय, दोन्हींना सारखेच गुण मिळतात. प्रत्यक्षात तसे नसते. बॉयलर आणि धुण्याची गरज ५ हजारांत भागत असेल तर त्यापुढील पाणी कमी मोलाचे. असे असल्यास गटाला विचारून त्या निकषाची वक्ररेषा ठरवावी, उदाहरणार्थ ३ ला ०, ५ ला ०.७, ८ ला १. ‘आर’मधील ‘ॲप्रॉक्स’ ही आज्ञा अशा दिलेल्या बिंदूंमधील मूल्ये काढून देते. पाचही निकषांना हे करण्याची गरज नाही. जिथे धंद्याचा अनुभव स्पष्टपणे सांगतो तिथेच करावे.

उत्तर किती टिकाऊ आहे

भारित बेरजेत घाटपायथा ०.५९५ आणि महामार्ग ०.५२० आहे. हा फरक भरवशाचा आहे का? एकेक भार हलवून पाहावे, आणि उरलेले चार एकमेकांशी त्याच प्रमाणात ठेवावेत. वीजखंडाचा भार ०.२० वरून वाढवत नेला तर ०.२५६ पाशी दोन्ही जागांचे गुण सारखे होतात आणि त्यापुढे महामार्ग वर जातो. खर्चाचा भार कमी करत नेला तर ०.१०७ च्या खाली महामार्ग पहिला येतो. म्हणजे जमिनीसाठी अनुदान मिळणार असेल आणि त्यामुळे खर्चाचे महत्त्व निम्म्यावर येणार असेल, तर निर्णय उलटण्याच्या उंबरठ्यावर पोचतो. हे दोन आकडे क्रमवारीपेक्षा जास्त उपयोगाचे आहेत, कारण चर्चा कुठे करायची ते त्यांतून कळते. पाण्यावर भांडत बसण्यात अर्थ नाही, विजेवर बोलावे.

सर्व भार एकदम हलवून पाहायचे असतील तर यादृच्छिक भारांची रीत आहे. ‘आर-एक्स्प’ने पाच यादृच्छिक संख्या घेऊन त्यांना त्यांच्या बेरजेने भागले की भारांचा एक संच मिळतो. असे दहा हजार संच तयार करून प्रत्येकासाठी बेरीज काढावी आणि कोणती जागा किती वेळा पहिली आली ते ‘टेबल’ने मोजावे. गटाने दिलेल्या भारांच्या आसपासच फिरायचे असेल तर ‘आर-गॅमा’ वापरून आकार म्हणून भार गुणिले एखादी मोठी संख्या द्यावी. ती संख्या जितकी मोठी तितके संच मूळ भारांच्या जवळ राहतात. सुरुवातीला ‘सेट-सीड’ जरूर द्यावे, नाहीतर उद्या दुसऱ्याने तीच फाइल चालवली की वेगळे आकडे येतील आणि नाहक शंका उत्पन्न होईल.

पर्याय वाढवताना वा काढताना आणखी एक काळजी घ्यावी. टोकांची रीत यादीतील जागांवरच उभी असते. महामार्गापासून ६० किलोमीटरवरची पाचवी जागा कोणी यादीत घातली तर अंतराचा पल्ला १ ते ६० होतो आणि घाटपायथ्याचे १८ किलोमीटर एकदम ० वरून ०.७१ गुणांवर जाते, जागेत काडीचाही बदल न होता. क्रमवारीची ही उलटापालट बेल्टन आणि गिअर यांनी १९८३ मध्ये विश्लेषक श्रेणी पद्धतीच्या संदर्भात दाखवून दिली आणि तिच्यावर पुढे पुष्कळ वाद झाला. उपाय असा की टोके आरंभीच निश्चित करून फाइलमध्ये लिहून ठेवावीत, आणि ती बदलावीच लागली तर भारही नव्याने विचारावेत.

विश्लेषणातून नवा पर्याय

घाटपायथ्याची मोठी उणीव वीज आहे हे स्पष्ट झाल्यावर गटाने पुढचा प्रश्न विचारायला हवा : ती दूर करता येईल का? समजा, जनित्र आणि डिझेलची तरतूद धरून त्या जागेचा खर्च १२ वरून १६ लाखांवर गेला आणि वीजखंड ४० वरून १२ तासांवर आला. टोके तीच ठेवून गुण काढले तर खर्चाचे गुण ०.७३ वरून ०.३६ वर उतरतात, वीजखंडाचे शून्यावरून १ होतात आणि एकूण ०.५९५ चे ०.७२३ होतात. आता वीजखंडाचा भार कितीही ठेवला तरी महामार्ग पुढे जात नाही, कारण त्या निकषावर दोन्ही जागा बरोबरीत आल्या. खर्चाचा भार शून्य केला तरी घाटपायथाच वर राहतो. अंतराचा भार ०.१५ वरून ०.२९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाला तरच महामार्ग त्याला गाठतो.

मात्र डिझेलचा खर्च दरवर्षीचा आहे, तो किती वर्षांचा धरून १६ लाख झाले हे तक्त्याच्या शेजारीच लिहिलेले असावे. जनित्राचा आवाज आणि शेजारची घरे हा प्रश्न गटाला महत्त्वाचा वाटत असेल तर तो सहावा निकष म्हणून घालून भार पुन्हा विचारावे लागतील.

बैठकीच्या इतिवृत्ताला अंतिम क्रमवारीबरोबर मूळ तक्ता, प्रत्येक निकषाची दोन टोके, सदस्यांनी कागदावर लिहिलेले गुण आणि निर्णय कोणत्या भारापाशी उलटतो ते आकडे जोडावेत. ‘आर’ची फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेवावी. वीज वितरण उपविभागाकडून वीजखंडाचे प्रत्यक्ष तास मिळाले, किंवा हंगाम संपल्यावर बीचा खरा अंदाज आला, की तक्त्यातील तेवढाच आकडा बदलून फाइल पुन्हा चालवावी आणि नवे उत्तर तारखेसह जुन्याच्या खाली नोंदवावे.